डावी बाजू माझी

लाल बादलीत माझा डावा पाय घोट्यापर्यंत गेला तेव्हा आधी मला पाण्याचा गारवा कळला आणि मग बादली. संस्थेच्या इमारतीतला व्हरांडा, सकाळची फरशी पुसायची वेळ. सफाईवाल्या बाई फडकं पिळता पिळता तशाच थांबल्या. "अहो मॅडम, एवढी लालभडक बादली! डोळे घरी ठेवून आलात की काय?" त्या हसल्या, मीही हसले. त्यांनी मला भिंतीला हात टेकायला लावला, चप्पल काढून पालथी केली, आणि "पाय धुऊन झाले, आता दिवस चांगला जाणार बघा," असं म्हणून पुन्हा कामाला लागल्या. मी ओल्या पायाने खोलीत येऊन बसले. खिडकीबाहेर वाहनतळ, समोर स्पिरिटच्या बरण्यांचं कपाट, टेबलावर एका विद्यार्थिनीचा अर्धा तपासलेला प्रबंध. पान काही पुढे सरकेना. बादली दिसली नाही हे मला खुपत नव्हतं. माणूस विचारात असला की त्याला हत्तीही दिसत नाही. खुपत होतं ते वेगळंच. मला त्या जागी फरशी दिसली होती. नुकतीच पुसलेली, करड्या ठिपक्यांची, पुढे होती तशीच हुबेहूब. काही न दिसणं आणि फरशी दिसणं यांत फरक आहे, आणि तो फरक मी आयुष्यभर मुलांना समजावत आले आहे.

कारण मी साप बघते. पकडत नाही, विष काढत नाही, गळ्यात घालून फोटो काढत नाही, नुसती बघते. शहरापासून बऱ्याच लांब एक वर्षावन आहे. तिथे वर्षातला निम्मा काळ आभाळातून पाऊस पडतो आणि उरलेला निम्मा पानांवरून. त्या जंगलातल्या ठरलेल्या पायवाटा चालायच्या आणि दोन्ही अंगांना जो साप दिसेल तो कोणता, किती उंचीवर, काय करत होता, एवढं टिपायचं. ऐकायला सोपं आहे. पण साप शोधायला निघालेल्या माणसाला साप सापडत नाही, कारण तो डोक्यात एक साप घेऊन निघालेला असतो आणि समोरचा कधीच त्याच्यासारखा नसतो. शोधायची असते ती पानांच्या ठेवणीतली चूक. फांदीला न शोभणारं एखादं वळण. वारा पडलेला असताना डोलणारी वेल, तो हरणटोळ. पाचोळ्यात जरा जास्तच नीट रचलेली दोन पानं. तो चापडा, जो दिवसच्या दिवस एका जागी बसून राहतो आणि ज्याच्या अंगावर पाचोळ्याचे, शेवाळाचे, सडक्या सालीचे सगळे रंग असतात. साप लपतो म्हणजे तो कशाच्या मागे जात नाही. तो उघड्यावर बसतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला पटवून देतो की इथे फक्त पानं आहेत. आणि डोळा ऐकतो.

ही नजर मला एकटीला आली नाही, मुंगुसाबरोबर आली. मुंगूस म्हणजे शिकत असल्यापासूनची माझी सहकारी. लहान चणीची, तुरुतुरु चालणारी, नाक सतत काहीतरी हुंगत असल्यासारखं. ती मला मास्तरीण म्हणते. गेली कित्येक वर्षं ती जंगलाच्या कडेच्या केंद्रावरच राहते आणि मी हंगामापुरती जाते. वाट अरुंद असते, शेजारी शेजारी चालता येत नाही. म्हणून पुढचीने डावी बाजू बघायची, मागचीने उजवी. जिला दिसेल तिने हळूच "आहे" म्हणायचं, की दोघी जागच्या जागी थांबणार. बाकी बोलायचं नाही. पहिल्याच दिवशी वाटेच्या डाव्या हाताला दरी होती आणि या बाईला उंचीची भीती. "मी नाही बाई तिकडे बघणार," ती म्हणाली. "मग मुंगूस कसली तू," मी म्हणाले, आणि पुढे झाले. तेव्हापासून डावी बाजू माझी. या पद्धतीतला कठीण भाग नजरेचा नाही. कठीण आहे ते दुसऱ्या बाजूला न बघणं. पोटरीला, कंबरेला घासणारी उजवीकडची झुडपं, त्यांत काय आहे ते मला ठाऊक नाही आणि मी वळून बघायचं नाही. मागे एक जण आहे, ती बघते आहे. अर्धं जंगल दुसरीच्या हवाली करून पाऊल उचलायचं. मला ते जमायला फार दिवस लागले. मी लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं की काहीबाही सांगते. पण एकदा मनात आलं होतं की ज्याला लोक संसार म्हणतात त्यातली मुख्य गोष्ट मी त्या वाटेवर केलेलीच आहे.

घरी मी वहिनीला बादलीची गोष्ट विनोद म्हणून सांगितली. दादा हसला. वहिनी हसली नाही. ती हातातलं काम ठेवून म्हणाली, "ताटात डावीकडचं राहून जातं हल्ली तुझं." मी म्हटलं, काहीतरीच. "काहीतरीच नाही. मी विचारणारच होते. मला वाटलं माझ्याच हाताची चव गेली. आणि परवा त्या तिवईला ठेचाळलीस तीही डावीकडचीच." दादा म्हणाला, "अगं, वय झालं तिचं." "वय तुमचंही झालंय, तुम्ही नाही कुठे बादलीत पडत," वहिनी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. माझ्याहून ती थोडीशीच मोठी आहे, पण या घरात आली तेव्हा मी शाळेत होते आणि तिच्या लेखी अजून शाळेतच आहे. बाकावर बसल्या बसल्या तिने शेजारच्या अनोळखी बाईंना सांगून टाकलं, "ही आमची नणंद. स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की स्टुलावर चढते. आणि नोकरी काय, तर जंगलात जाऊन साप बघायचे." त्या बाईंनी पाय जरा आवरून घेतले.

तपासणीची खोली काळोखी होती आणि तिच्यात एक पांढरं, पोकळ अर्धगोल यंत्र. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधोमध जळणाऱ्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेही उजेडाचा बारीक कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणारी मुलगी अगदी तरुण, आवाजात दिवसभराचा शीण. पहिला कण वरच्या उजव्या कोपऱ्यात आला आणि मी म्हणाले, "आहे." "बोलू नका मॅडम, बटण दाबा." मी बटण दाबलं, पण तोवर माझी नजर त्या कणाकडे गेली होती. "नजर हलवायची नाही. मध्ये बघा." मध्ये बघितलं. पुढचा कण, पुन्हा माझा डोळा तिकडे. यंत्राने कसलासा नाराज आवाज काढला. "मॅडम, तुम्ही शोधताय. शोधायचं नाही. बघायचंच नाही कुठे. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही." मी म्हटलं, "अहो, माझा धंदाच तो आहे." "मग इथे थोडा वेळ धंदा बंद ठेवा." मला हसू आलं, हनुवटी हलली, सगळं पहिल्यापासून. मग मी खरंच प्रयत्न केला. त्या पांढऱ्या पोकळीत पिवळ्या ठिपक्यावर नजर खिळवून बसले, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही शोधत नव्हते. हे इतकं अनोळखी होतं की भीती वाटली. कण येत होते, वर, उजवीकडे, खाली उजवीकडे, वर डावीकडे. मधून मधून यंत्र नुसतंच कुरकुरत होतं आणि कण येत नव्हता. ते विसावे मला बरे वाटत होते. पुढे कळलं, ते विसावे नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडे डावा खालचा कोपरा काळा, जणू कुणी एकाच कात्रीने कापलेला. "डोळे उत्तम आहेत तुमचे," त्या म्हणाल्या. "दोष मागे आहे." त्यांनी स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बोट लावलं. त्याच आठवड्यात मेंदूचा फोटो निघाला आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. कधीतरी, बहुधा वर्ष-दोन वर्षांपूर्वी, एका बारीक रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. दुखलं नाही, बोबडी वळली नाही, हात लुळा पडला नाही. फक्त डावीकडे खाली जे असतं ते येणं थांबलं. वहिनीने विचारलं, "मग हिला कळलं कसं नाही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिथे काळं दिसत नाही ना. आजूबाजूला जे असेल तेच मेंदू तिथे भरतो." "म्हणजे ठिगळ लावतो," वहिनी म्हणाली. "तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरून नाही येणार. पण नीट गोळ्या घेतल्या तर वाढायचंही बहुधा नाही. मान वळवून बघायची सवय करा." मी मान वळवून बघितलं. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात एक फुलदाणी होती. मी आत आल्यापासून तिथे टेबल होतं.

पुढच्या महिन्यात हंगाम सुरू होणार होता. संस्थेत जाण्यायेण्याच्या रस्त्यावर मी मान वळवत चालू लागले, एखाद्या संशयी माणसासारखी. वळवली की वस्तू उगवायच्या: सायकलचं चाक, झोपलेलं कुत्रं, पायरी. सरळ केली की त्या पुन्हा रस्ता होऊन जायच्या. हे सगळं मला भीतीदायक वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्यात आणखी काहीतरी होतं ज्याला मी बरेच दिवस नाव देऊ शकले नाही. आयुष्यभर ज्या युक्तीने सापांनी मला फसवलं ती युक्ती आता माझ्याच डोक्यात राहायला आली होती. आणि ती किती सुबक होती! कुठे शिवण नाही, कड नाही. मी खिडकीतून समोरच्या झाडाकडे बघायची आणि विचार करायची, यातली कुठली पानं झाडाची आणि कुठली माझी. एरवी मी हे एखाद्या रुग्णाबद्दल वाचलं असतं तर दिवसभर खूश राहिले असते. पण वाटेवर हे चालणार नव्हतं. तिथे पोटरीपासून कंबरेपर्यंतची डावी झुडपं म्हणजेच चापड्याची जागा. मी पुढे असताना "आहे" म्हटलं नाही याचा अर्थ तिथे काही नाही, असा होतो. त्या न बोललेल्या शब्दावर मुंगूस पाऊल टाकते. माझ्या मागून, विश्वासाने, डावीकडे न बघता. तिला हे सांगायला हवं होतं आणि सांगितलं की माझी बाजू जाणार होती. बाजू गेली की मी तिथे कोण? केंद्रावर बसून चहा पिणारी म्हातारी पाहुणी. मी फोन उचलायची आणि ठेवायची. वहिनी आरपार बघणारी. "सांग एकदाची तिला," ती म्हणाली. "आणि जायचं नसेल तर नको जाऊस. मी काय, आनंदाने नाचेन. पण असं फोनला मांडीवर घेऊन बसू नकोस, त्याला झोप नाही येत."

मुंगुसाकडे फोन लागतो तो ती केंद्रामागच्या खडकावर चढली की; संध्याकाळी ती चढतेच. मी सगळं क्रमाने सांगितलं, बादली, यंत्र, गुठळी, कोपरा. पलीकडे रातकिड्यांचा आवाज सुरू झाला होता. मग ती म्हणाली, "खालचाच कोपरा ना? वरचा आहे शाबूत?" मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" "मला कसं कळलं! मास्तरीण, दोन हंगाम झाले, मी दोन्ही बाजू बघत चालतेय." ती पुढे सांगू लागली. "वरच्या फांदीवरचा हरणटोळ तुला पटकन दिसायचा. खालचं काही नाही. ओढ्याच्या वळणावर एकदा चापडा होता, तुझ्या कोपरापासून वीतभर. तू गाणं गुणगुणत निघाली होतीस. मी तुला सॅकला धरून मागे ओढलं आणि म्हटलं, थांब, मानेला जळू लागलीय. आठवतं?" आठवत होतं. "जळू नव्हती," ती म्हणाली. मला आणखीही आठवत होतं. गेल्या हंगामात ती सारखी माझ्या बाजूचे साप सांगत होती आणि मी तिला म्हणाले होते, "चोरटे, स्वतःची बाजू बघ की!" ती हसली होती आणि म्हणाली होती, "तुझ्या बाजूचे जास्त देखणे आहेत." मला तेव्हा थोडा मत्सर वाटला होता. "मग बोलली का नाहीस?" मी विचारलं. "मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, आपणहून बदलशील. मग वाटलं, मन कुठेतरी असेल, घरी काही झालं असेल. मग..." ती थांबली. "मग बोलले असते तर तू आली नसतीस. चुकलंच माझं. तेव्हाच डॉक्टरकडे हाकलायला हवं होतं तुला." माझ्या डोळ्यांसमोर ती वाट होती आणि वाटेवर मी, ऐटीत पुढे, डावीकडे बघणारी, आणि माझ्या मागे ती लहान चणीची बाई, मान एकदा इकडे, एकदा तिकडे, श्वास लागलेला, दोघींचं जंगल एकटी बघणारी. आणि दरीच्या कडेला? तिथेही तिने डावीकडेच बघितलं असणार. "काय गं, रडतेस का?" ती म्हणाली. "रडू नकोस, इथे डास फोडून काढतायत मला. ऐक. चालायचं बंद. पण ये. आपण एवढी वर्षं नुसते मोजत पुढे गेलो. एक चापडा दिवसभर काय करतो हे कुणी बसून बघितलंय? तरुण पोरं बसत नाहीत, त्यांना मुंग्या येतात. तुला कुठे जायचंय?"

वहिनीने गोळ्या मोजून डब्यांत भरल्या आणि म्हणाली, "त्या तुझ्या मुंगुसाचा की खारीचा नंबर मला देऊन ठेव. मी रोज विचारणार, गोळी घेतली का. तुला नाही, तिला." ओढ्यावरच्या चापड्याचं मी तिला सांगितलं होतं. बॅगेची चेन लावता लावता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "वीतभर म्हणजे केवढं गं? एवढं?" तिने अंगठा आणि करंगळी ताणून धरली, बघत राहिली, आणि मूठ मिटून घेतली.

आता मी रोज सकाळी एका आडव्या पडलेल्या खोडावर बसते. वाटेवर मुंगूस मला हाताला धरून आणते, स्वतः डावीकडून, आणि मग केंद्रावरच्या तरुण पोरांबरोबर पुढे निघून जाते. समोर, चार हातांवर, एका खुरट्या झुडपाच्या फांदीवर चापडा आहे. शेवाळी, मधूनमधून तांबूस; डोकं भाल्याच्या पात्यासारखं, वेटोळ्यावर टेकवलेलं. मी मान किंचित डावीकडे, किंचित खाली वळवून ठेवते, म्हणजे तो शाबूत भागात येतो. दिवस-दिवस तो काहीच करत नाही, आणि मी त्याला काहीच न करताना बघते. मला वाटलं होतं कंटाळा येईल. उलट असं झालं की जे मी इतकी वर्षं एका नजरेत उरकत होते ते सावकाश उलगडायला लागलं: त्याचा श्वास, जो एका बाजूच्या खवल्यांवरून लाटेसारखा जातो, एक कोळी, ज्याने त्याच्या पाठीवरून फांदीवर धागा टाकला, ऊन आलं की डोळ्याच्या बाहुलीची बारीक होत जाणारी उभी चीर. नाकपुडी आणि डोळा यांच्यामधल्या खळग्यांनी त्याला माझ्या अंगाची ऊब कळत असणार. समोर एक गरम, मोठा, न हलणारा ठिपका. त्याच्या नकाशात मी अख्खी आहे. कधी कधी मी मुद्दाम मान सरळ करते. तो जातो. तिथे झुडूप राहतं, पानापानांनी पूर्ण, कुणी न बसलेलं. मी म्हणते, तू आहेस, मला माहीत आहे. आणि पुन्हा वळते.

परवा दुपारी भुरभुर सुरू झाली. मी टोपी ओढून घेतली, उठावं की बसावं असा विचार केला आणि बसले. थेंब त्याच्या अंगावर पडत होते आणि ओघळत नव्हते; वेटोळ्यांच्या खाचांत, खवल्यांच्या धारांमध्ये अडकून साचत होते, दवासारखे. त्याने अंग थोडं चपटं केलं. मग डोकं उचललं, सावकाश, इतकं सावकाश की कधी उचललं ते सांगता येणार नाही, आणि स्वतःच्याच अंगावर झुकवलं. तोंड जेमतेम उघडलं. गळ्याखालची कातडी हलकेच आत-बाहेर होऊ लागली. तो पाणी पीत होता. ओढा दहा पावलांवर होता, पानापानांत पाणी होतं, पण तो आपली जागा न सोडता आपल्याच वेटोळ्यांवर जमलेला पाऊस पीत होता, एका वेटोळ्यावरून दुसऱ्या वेटोळ्यावर, काहीही न सांडता. आयुष्यभर मी त्यांच्या शेजारून गेले, आणि हे नेहमी मी पुढे गेल्यावरच होत असणार.

संध्याकाळी मुंगूस आली तेव्हा पाऊस थांबला होता. चिखलाने बरबटलेली, दमलेली. "काय केलं आज महाराजांनी?"

"पाणी प्यायला."

"उतरला खाली?"

"नाही. स्वतःच्या अंगावरचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग चापड्याकडे. तो पुन्हा फांदी होऊन बसला होता. पुस्तकात वाचलेलं आम्हा दोघींना होतं; बघितलेलं कुणालाच नव्हतं. "मी इथे जन्म काढला," ती म्हणाली, "आणि तुला येऊन आठवडा नाही झाला तर..." तिने सॅक काढून चिखलात टाकली. मागची पोरं थांबली, कुणीतरी म्हणालं, मॅडम, उशीर होईल. तिने त्यांना हाताने पुढे जायला सांगितलं. आभाळ पुन्हा भरून येत होतं.

"सरक जरा," ती मला म्हणाली.